दसऱ्यापासून थँक्सगिव्हिंगपर्यंत टिकणारी घरासमोरची सजावट

नमस्कार. तुमचा प्रश्न थोडक्यात असा: न्यू जर्सीतल्या एडिसनजवळ पहिलं घर घेतलंत, दुमजली, उत्तरेकडे तोंड, बाहेरच्या भिंतींवर फिकट राखाडी व्हायनल साइडिंग (प्लास्टिकच्या पट्ट्यांचं आवरण), पांढरं दार, पाच पायऱ्या आणि वर छप्पर असलेला छोटा पोर्च. गेल्या वर्षी सप्टेंबरच्या मध्यालाच भोपळे आणि शेवंती आणून मांडली. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात भोपळ्यांखाली पाणी सुटलं, शेवंती तपकिरी पडली. हॅलोविनची मांडणी झाल्यावर दिवाळीसाठी सगळं काढून पुन्हा नव्याने खर्च करावा लागला. एवढं करूनही रस्त्यावरून घर तसंच उघडंबोडकं दिसलं. यंदा अडीचशे डॉलरमध्ये दसऱ्यापासून थँक्सगिव्हिंगपर्यंत निभेल असं काही सुचवा, असं तुम्ही म्हणता.

यात तुमची आवडनिवड कुठे चुकली असं मला वाटत नाही. चुकलं ते वेळापत्रक आणि माप. भोपळा, शेवंती, मक्याची धाटं हा सगळा नाशवंत माल आहे, त्यामुळे तो कधी आणायचा हे आधी ठरवायचं. आणि घर रस्त्यावरून बघणारा माणूस तीस-चाळीस फुटांवर असतो, म्हणून वस्तूचं माप दारात उभं राहून ठरवायचं नाही.

आधी तारखा बघा. २०२६ मध्ये घटस्थापना ११ ऑक्टोबरला आणि दसरा २० ऑक्टोबरला आहे. हॅलोविन ३१ ऑक्टोबरला, दुसऱ्याच दिवशी घड्याळं एक तास मागे, लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आणि थँक्सगिव्हिंग २६ नोव्हेंबरला. म्हणजे दसऱ्यापासून धरले तर ३७ दिवस. निरोगी, न कापलेला भोपळा थंड हवेत सहा-आठ आठवडे सहज टिकतो, पण सप्टेंबरात दुपारी ऐंशी फॅरनहाइट तापमान असताना बाहेर ठेवला की त्याचं अर्धं आयुष्य तिथेच संपतं. दुकानं सप्टेंबरच्या सुरुवातीला भोपळे मांडतात म्हणून आपण तेव्हा घ्यायचे असं नाही. तुमच्या भागात १० ऑक्टोबरच्या आसपास घेतलेले भोपळे थँक्सगिव्हिंग बघतात.

हे सगळं जागेवर अवलंबून आहे. मिनीयापोलिसला पहिला फ्रॉस्ट, म्हणजे झाडं करपवणारं दहिवर, तुमच्या बराच आधी येतो आणि नोव्हेंबरात कुंडीतली फुलं टिकवणं अवघड होतं. डॅलसला ऑक्टोबरातही उकाडा असतो, तिथे भोपळे आणखी दोन आठवडे उशिरा घ्यावेत. कॅलिफोर्नियाच्या बे एरियात थंडीची चिंता नाही, उन्हाची आहे. एचओए, म्हणजे वसाहतीची घरमालक संघटना, असेल तर नियम आधी वाचा: किती दिवस आधी सजवायचं, दाराचा रंग बदलता येतो का, दिवे किती वाजेपर्यंत चालतात हे बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं असतं.

आता प्रत्यक्ष काम. संध्याकाळी समोरच्या फुटपाथवर जा, घराचा फोटो काढा आणि तो फोनमध्ये काळा-पांढरा करून बघा. राखाडी साइडिंग आणि पांढरं दार एकमेकांत मिसळून जाताना दिसतील, म्हणजे नजरेला दार सापडतच नाही. रस्त्यावरून घर ‘उघडं’ वाटण्याचं खरं कारण हे आहे. दाराला गडद रंग दिलात, वाईनसारखा तांबडा किंवा गडद निळा, तर निम्मं काम तिथेच झालं. छत्तीस बाय ऐंशी इंचांच्या दाराचं एका बाजूचं क्षेत्रफळ वीस चौरस फूट, त्यामुळे एक क्वार्ट, म्हणजे पाव गॅलन, एक्स्टिरिअर रंग दोन हातांना पुरून उरतो. दार स्टीलचं किंवा फायबरग्लासचं असेल तर डब्यावर तसा उल्लेख आहे ना ते बघा. बहुतेक लेटेक्स रंगांना पन्नास फॅरनहाइटच्या वर तापमान लागतं, म्हणून हे काम ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यातच उरका. सकाळी नऊला सुरू करा आणि संध्याकाळपर्यंत दार उघडं ठेवा. ओलसर रंगावर दार लावलं की तो चौकटीच्या रबरी पट्टीला चिकटतो आणि दुसऱ्या दिवशी कडेने पापुद्रा निघून येतो.

रंगाआधी धुलाई. उत्तरेकडच्या व्हायनलवर हिरवी झाक हमखास असते, कारण ती भिंत वाळतच नाही. तीन भाग पांढरं व्हिनेगर आणि सात भाग पाणी, मऊ लांब ब्रश, खालून वर घासत जा आणि वरून खाली धुवा. प्रेशर वॉशर वापरायचाच असेल तर धार समोरून सरळ ठेवा. खालून वर मारलेली धार पट्ट्यांच्या मागे पाणी घालते आणि ते आत महिनोन्‌महिने राहतं. एक गोष्ट अगदी पक्की लक्षात ठेवा: पुढे भोपळ्यांसाठी ब्लीच लागणार आहे. व्हिनेगर आणि ब्लीच एका बादलीत, एका ब्रशवर, एका दिवशी नकोच. त्यातून क्लोरीन वायू निघतो.

पायऱ्यांच्या दोन्ही अंगांना वाफे असतील तर वर इंचभर ताजा मल्च (मातीवर पसरायचा लाकडाचा भुगा-साली) पसरा. दोन घनफुटांची पिशवी इंचभर जाडीने चोवीस चौरस फूट झाकते. साइडिंगला टेकू देऊ नका, सहा इंच अंतर ठेवा. घराचा नंबरही बघून घ्या. अंक किमान चार इंच उंच आणि मागच्या रंगापेक्षा वेगळा हवा, नाहीतर हॅलोविनच्या रात्री येणारी मुलं आणि अँब्युलन्सवाले दोघेही शोधत बसतात.

भोपळे निवडताना थोडा वेळ द्या, कारण बजेटचा मोठा वाटा तिथे जातो. भोपळा उलटा करून बुडावर अंगठा दाबा. किंचितही दबला तर तो ठेवून द्या, कुजायला तिथूनच सुरुवात होते. मग देठाभोवतीची खळी बघा: काळपट ओल नको, देठ लाकडासारखा कडक हवा. सालीत नख सहज रुतत असेल तर तो पुरता पिकलेला नाही. देठाला धरून कधीच उचलायचं नाही. देठ तुटला की तिथे उघडी जखम राहते आणि बुरशीला वाट मिळते.

घरी आणल्यावर एका गॅलन पाण्यात दीड कप ब्लीच घालून, हातमोजे घालून प्रत्येक भोपळा पुसून घ्या, देठाच्या खळीत आणि बुडाच्या वाटीत नीट. मग उलटे करून दिवसभर वाळू द्या, खळीत पाण्याचा थेंब राहिला तर सगळी मेहनत वाया. मांडताना काँक्रीटवर थेट ठेवू नका. खाली लाकडी पट्ट्यांचे तुकडे किंवा फरशीचे जुने तुकडे ठेवून अर्ध्या इंचाची फट ठेवा. गेल्या वर्षी तुमच्या भोपळ्यांना खालून पाणी सुटलं ते बहुतेक याचमुळे: उत्तरेकडची पायरी रात्रभर ओली राहते आणि बुडाला हवा लागत नाही.

किती आणि कोणते? नियम सोपा आहे: माणसाच्या डोक्यापेक्षा लहान भोपळा रस्त्यावरून दिसत नाही. त्यामुळे वीसेक पिटुकले घेण्याऐवजी तीन मोठे, पंधरा-वीस पौंडांचे, आणि चार मध्यम घ्या. पिटुकले हवेच असतील तर दाराशी, जवळून बघणाऱ्यासाठी, पाच-सहा. तुमच्या राखाडी भिंतीपुढे नेहमीचा केशरी भोपळा उठून दिसेल. लाल विटांच्या घरापुढे तोच केशरी हरवतो, तिथे पांढरे किंवा निळसर राखाडी घ्यावेत. मोठ्यांपैकी एक तरी चपटा, खोल फाकांचा घ्या, ज्याला इथे सिंड्रेला म्हणतात. गर जाड असल्यामुळे तो साधारणपणे जास्त टिकतो आणि त्याच्यावर दुसरा नीट बसतो. दोहोंच्या मध्ये पेंढ्याची चुंबळ ठेवा, डोक्यावर हंडा ठेवताना ठेवतात तशी. भोपळा घसरत नाही आणि हवाही खेळते.

कोरीव काम फक्त एकाच भोपळ्यावर आणि तेही २९ किंवा ३० ऑक्टोबरला. कोरलेला भोपळा हवामानाप्रमाणे तीन ते दहा दिवसांत खचतो. त्याला बाकीच्यांपासून वेगळा ठेवा आणि २ नोव्हेंबरच्या आत काढून टाका. तुमच्या गेल्या वर्षीच्या दुहेरी खर्चावर हाच उपाय आहे: हॅलोविनच्या खास वस्तू, म्हणजे कोरलेला भोपळा, कोळ्याची जाळी, सांगाडा, एवढ्याच निघतील अशा वेगळ्या ठेवा. अख्खे भोपळे, शेवंती, पेंढा हे सुगीचं सामान आहे, ते दसऱ्याला शोभतं, दिवाळीला शोभतं आणि थँक्सगिव्हिंगलाही.

खारी मात्र कोरलेला, न कोरलेला असा भेद करत नाहीत. ब्लीचने पुसल्याने वास थोडा मारला जातो. वर मिरचीचा स्प्रे मारता येतो, पण पाऊस पडून गेला की पुन्हा मारावा लागतो. एका भोपळ्याला दात लागलेच तर त्याला लगेच मागच्या अंगणात न्या. पुढे ठेवलात तर उरलेले भोपळेही त्यांना सापडतात.

आता शेवंती, जिला इथे सगळे मम्स म्हणतात. उत्तरेकडच्या पोर्चवर ऑक्टोबरात थेट ऊन जवळजवळ येत नाही. पूर्ण उमललेली कुंडी आणली तर ती दहा-बारा दिवसांत उतरते, आणि घट्ट हिरव्या कळ्यांची आणली तर सावलीत कळ्या नीट उघडत नाहीत. मधला मार्ग असा: ज्या कुंडीतल्या साधारण एक तृतीयांश कळ्यांना रंग फुटलाय अशी घ्या, आठवडाभर मागच्या दक्षिणेकडच्या अंगणात उन्हात ठेवा, निम्मी फुलली की पुढे आणा. एकदा फुललेली शेवंती सावलीत उलट जास्त दिवस ताजी राहते, म्हणजे तुमची उत्तर दिशा इथे कामी येते. चार कुंड्या घ्या, पण बारा इंचांच्या. आठ इंचांच्या आठ कुंड्यांना पाणी घालता घालता माणूस दमतो, आणि दुरून त्या ठिपक्यांसारख्या दिसतात.

शेवंती तपकिरी पडण्याचं बहुतेक वेळा एकच कारण असतं. या कुंड्या मुळांनी गच्च भरलेल्या असतात आणि आतलं मिश्रण पीटचं, म्हणजे दलदलीतल्या कुजलेल्या शेवाळाचं असतं. ते एकदा सुकलं की पाणी शोषत नाही, वरून ओतलेलं पाणी कडेने सरळ खाली जातं आणि आपल्याला वाटतं पाणी मिळालं. कुंडी उचलून बघा. हलकी लागली तर टबमध्ये चार इंच पाणी घेऊन वीस-तीस मिनिटं ठेवा, बुडबुडे थांबेपर्यंत. आणल्या दिवशी हे करायचंच, मग दर एक-दोन दिवसांनी वजन बघून. फुलांवर पाणी ओतू नका, ओल्या पाकळ्यांवर करडी बुरशी धरते. वाळलेली फुलं चिमटीने खुडत राहा. कडाक्याच्या रात्री जुनी चादर टाका आणि सकाळी काढा. घरात मांजर किंवा कुत्रा असेल तर त्यांना शेवंती चघळू देऊ नका, ती त्यांना बाधते.

तरीही प्रामाणिकपणे सांगायचं तर २० ऑक्टोबरला फुललेली शेवंती २६ नोव्हेंबरपर्यंत तशीच राहणार नाही. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत, म्हणजे दिवाळीपर्यंत ती चालते. पुढच्या दोन आठवड्यांसाठी शोभेचा केल (कोबीच्या जातीची रंगीत पानांची भाजी) आणि पॅन्सी ही थंडीतली छोटी फुलं आत्ताच लावून ठेवा. तापमान पन्नासच्या खाली गेलं की केलच्या पानांत जांभळा आणि गुलाबी रंग भरतो, आणि नोव्हेंबरात शेवंती मलूल होत असते तेव्हाच तो सर्वांत देखणा असतो. पाण्याच्या नळाला आणि दाराला लागून असलेल्या दोन मोठ्या कुंड्यांत मध्ये केल आणि कडेने पॅन्सी, असं करा. तुमच्याकडे हरणं येत असतील तर मात्र हे दोन्ही पायऱ्यांच्या वर, पोर्चवरच ठेवा. हरणांना ते फार आवडतं, शेवंतीला ती सहसा कमी तोंड लावतात. कुंड्या टेराकोटाच्या नकोत. ओली माती गोठली की फुगते आणि कुंडी तडकते.

मक्याची धाटं आणि पेंढा याबद्दल दोनच गोष्टी. पोर्चच्या एकाच खांबाला सात-आठ फुटी धाटांची एक जुडी बांधा, तीन ठिकाणी सुतळीने. दोन्ही खांबांना बांधलीत तर पोर्च अरुंद दिसतो. आणि गठ्ठा घेताना पेंढ्याचा घ्या, हिरवट वाळल्या गवताचा नको. गवतात बी असतं, त्यावर उंदीर येतात आणि पावसात ते लवकर बुरसटतं. गठ्ठा भिंतीपासून हातभर दूर, फळीवर ठेवा.

मांडणी एका बाजूला जड ठेवा. दाराच्या बिजागरीच्या बाजूला दोन तृतीयांश सामान, मुठीच्या बाजूला एक कुंडी. कठड्याची बाजू मोकळी आणि चालायला तीन फूट वाट रिकामी. हॅलोविनला मुखवटे घातलेली मुलं पायाखाली बघत नाहीत.

दाराला इथे सगळे रीथ, म्हणजे पानाफुलांचं गोल कडं, लावतात. छत्तीस इंचांच्या दाराला बावीस ते चोवीस इंचांची रीथ बरोबर दिसते. दार स्टीलचं असेल तर चुंबकाचा हुक चालतो, फायबरग्लासवर नाही. एक सावधगिरी: रीथमध्ये केशरी-लाल फळांची वेल असते, ती ओरिएंटल बिटरस्वीट असेल तर घेऊ नका. पक्षी ती फळं खातात, बी सगळीकडे पडतं आणि ती वेल इथल्या झाडांना गळफास लावते. पण मी तुमच्या जागी असते तर रीथ न लावता दसऱ्याला तोरणच लावलं असतं. झेंडूचा केशरी रंग शरदातला नाही असं कोण म्हणेल? चौकटीसह बेचाळीस इंच लांबी धरा. मोठा झेंडू दीड-पावणेदोन इंचांचा, म्हणजे सरळ माळेला चोवीस-अठ्ठावीस फुलं आणि मधे आंब्याची पानं. तुमच्या अंगणात झेंडू असेल तर पहिल्या फ्रॉस्टच्या आधी खुडून घ्या, एका रात्रीत तो काळा पडतो. मुख्य दारापुढे बाहेर उघडणारं दुसरं दार, स्टॉर्म डोअर, असेल तर तोरण चौकटीच्या बाहेरच्या पट्टीवर लावा आणि मधला झोल वर ठेवा, नाहीतर पहिल्याच दिवशी दारात अडकून तुटेल. चिकटवायचे हुक लावायचे तर जागा अल्कोहोलने पुसून, दुपारच्या उबेत लावा.

दिवाळीचा बदल त्यामुळे तासाभराचा राहतो. नवं तोरण, आकाशकंदील, रांगोळी, पणत्या. कंदील व्हायनलच्या छताला अडकवू नका, ते वजन पेलत नाही. हुक मागच्या लाकडी वाशात शिरला पाहिजे. नोव्हेंबरच्या वाऱ्याला कागद टिकत नाही, कापडी घ्या आणि आत एलईडी बल्ब लावा. रांगोळीचा रंग ओलसर काँक्रीटच्या छिद्रांत बसला की हिवाळाभर जात नाही. दोन फुटी चौकोनी प्लायवूडला गेरूच्या रंगाचा हात द्या आणि त्यावर काढा, पाऊस आला तर उचलून आत नेता येते. तेलाच्या पणत्या वाळू भरलेल्या ताटात आणि मक्याच्या धाटांपासून, पेंढ्यापासून अगदी दूर. खरं म्हणजे त्या रात्रीपुरती धाटांची जुडी आणि पेंढ्याचा गठ्ठा मागे नेऊन ठेवा. वाळलेलं धाट पेटायला एक ठिणगी पुरते आणि वर व्हायनल आहे.

दिव्यांवर मात्र हात आखडू नका. १ नोव्हेंबरनंतर तुमच्याकडे पाचच्या आत सूर्य मावळतो. कामावरून येणारी माणसं घर बघतात ती अंधारातच, मग वीस पौंडांचा भोपळा असून नसल्यासारखा. पोर्चच्या दिव्यात २७०० केल्विनचा उबदार बल्ब, पायऱ्यांच्या बाजूने बाहेर वापरण्याजोगी दिव्यांची एक माळ आणि जमिनीवरून भोपळ्यांच्या ढिगावर पडणारा एक छोटा दिवा, एवढं पुरे. बाहेरचा सॉकेट जीएफसीआयचा, म्हणजे वीज गळली की आपोआप बंद होणारा, आहे ना ते तपासा, आणि टायमर १ नोव्हेंबरला एक तास मागे घ्या.

अडीचशेची वाटणी मी अशी करेन: भोपळे ऐंशी, शेवंती साठ, दिवे आणि टायमर चाळीस, केल-पॅन्सी तीस, धाटं-पेंढा पंचवीस, ब्लीच-सुतळी-हुक पंधरा. दाराचा रंग यात नाही, तो एकदाच्या घरखर्चात धरा. भोपळे शेतावरच्या स्टॉलवर घेतलेत तर निवडायला मोकळीक मिळते आणि बहुधा स्वस्तही पडतात.

शेवटचं काम विसरू नका. पहिल्या कडक थंडीच्या आत बागेच्या नळाची नळी काढा, आतली झडप बंद करा, बाहेरचा नळ उघडा ठेवून पाणी निथळू द्या. त्यानंतर कुंड्यांना झारीनेच पाणी. थँक्सगिव्हिंगच्या शनिवारी भोपळे उचला. एकदा गोठून वितळले की ते पायरीवरच लगदा होतात आणि काँक्रीटवर डाग सोडतात. ब्लीचने पुसलेले, महिनाभर बाहेर राहिलेले भोपळे खायचे नाहीत, ते कंपोस्टला. घारग्यांसाठी एक वेगळा भोपळा खरेदीच्या दिवशीच घरात काढून ठेवा. सिंड्रेला त्यालाही चांगला लागतो.